मॉड्यूलर सिंथेसायझरमधील गेट सिग्नल आणि व्होल्टेजची जुळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मॉड्यूलचे गेट दुसऱ्याला जोडले आणि काहीच घडले नाही, कळ एकदा दाबली असता ठोका दोनदा पडला, किंवा कळ सोडल्यावरही स्वर थांबेना, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा व्होल्टेजची जुळणी असते. पुढील उत्तरे मुख्यतः युरोरॅक पद्धतीच्या, म्हणजे एका पेटीत बसवून केबलने एकमेकांना जोडायच्या छोट्या मॉड्यूलसाठी आहेत. मूग, कॉर्ग, बुकला या वाद्यनिर्मात्यांच्या वेगळ्या पद्धतींचा विचार, त्या युरोरॅकला जोडताना जेवढा लागतो तेवढाच केला आहे.

गेट आणि ट्रिगर यांत फरक काय, आणि व्होल्टेजच्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध?

गेट हा दोनच अवस्था असलेला सिग्नल आहे. कळ दाबलेली असेपर्यंत तो वरच्या पातळीवर राहतो आणि कळ सुटताच शून्यावर येतो. सस्टेन (स्वर टिकण्याचा टप्पा) किती वेळ धरायचा आणि रिलीज (स्वर विरण्याचा टप्पा) केव्हा सुरू करायचा, हे एन्व्हलपला, म्हणजे स्वराचा चढ-उतार घडवणाऱ्या मंडलाला, त्यावरूनच कळते. ट्रिगरलाही दोनच अवस्था असतात, पण तो साधारणपणे १ ते १० मिलिसेकंद टिकतो आणि त्याच्या लांबीपेक्षा त्याच्या चढत्या कडेला महत्त्व असते.

व्होल्टेजच्या दृष्टीने फरक असा, की गेट ओळखणाऱ्या इनपुटला केवळ पातळी पुरते, तर ट्रिगर ओळखणारी अनेक इनपुटे आधी एका लहान कपॅसिटरमधून सिग्नल घेतात आणि त्यातील अचानक झालेला बदल तेवढा पुढे सोडतात. अशा इनपुटला १० व्होल्टपर्यंत हळूहळू चढणारा सिग्नल दिसतही नाही, आणि ५ व्होल्टची तीव्र कड मात्र सहज दिसते.

गेटसाठी ठरलेले असे एक व्होल्टेज आहे का?

नाही. युरोरॅकचा पाया १९९५ मध्ये डीटर डोपफर यांच्या ए-१०० मालिकेने घातला. पॅनेलची उंची, ३.५ मिलिमीटरचे जॅक आणि +१२ व −१२ व्होल्टचा वीजपुरवठा या गोष्टी तिथून सर्वांनी उचलल्या, मात्र प्रत्येक निर्मात्यावर बंधनकारक असे मानक कोणतीही संस्था लागू करत नाही. गेटच्या बाबतीत तर संकेतच आहे, नियम नाही: आउटपुटने निदान ५ व्होल्ट द्यावेत आणि इनपुटने त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजला प्रतिसाद द्यावा. प्रत्यक्षात ५, ८, १० आणि क्वचित १२ व्होल्टपर्यंतची गेटे एकाच पेटीत शेजारी शेजारी नांदतात.

युरोरॅकबाहेर विविधता आणखी वाढते. ५ यू आकाराच्या, १५ व्होल्ट पुरवठ्यावर चालणाऱ्या मोठ्या मॉड्यूलमध्ये ५ व्होल्टचे गेट रूढ आहे, एआरपीच्या जुन्या वाद्यांत १० व्होल्टच्या आसपासचे गेट आढळते, आणि मूगच्या जुन्या मॉड्यूलरमध्ये तर व्होल्टेज वर जाण्याऐवजी ग्राउंडला टेकते. त्याचे विवेचन पुढे स्वतंत्र प्रश्नात केले आहे.

५ व्होल्टचे गेट १० व्होल्टच्या पद्धतीने बनवलेल्या मॉड्यूलला चालेल का?

बहुतेक वेळा चालते. पण प्रश्न या शब्दांत विचारला, की उत्तर चुकीच्या जागी शोधले जाते. आउटपुट किती व्होल्ट देते यापेक्षा इनपुट किती व्होल्टला "चालू" मानते, म्हणजे त्याचा उंबरठा कोठे आहे, हे निर्णायक असते. जे मॉड्यूल स्वतः १० व्होल्टचे गेट बाहेर टाकते, ते आत येणारे गेट दीड व्होल्टलाही ओळखत असू शकते. एकाच मॉड्यूलच्या आउटपुटवरून त्याच्या इनपुटची अपेक्षा ठरवू नये.

उंबरठा कोठे पडेल हे इनपुटच्या मंडलावर अवलंबून असते, आणि प्रचलित मंडले मोजकीच आहेत. सर्वांत साधे म्हणजे एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसशी सुमारे १०० किलोओहमचा रेझिस्टर. हे इनपुट ०.६ व्होल्टच्या थोडे वर गेले की जागे होऊ लागते, आणि त्याला ३.३ व्होल्टचे गेटही पुरते. दुसरा प्रकार कम्पॅरेटरचा, म्हणजे येणारे व्होल्टेज एका ठरलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहणाऱ्या मंडलाचा. त्यात उंबरठा रचनाकाराने दोन रेझिस्टर निवडून ठरवलेला असतो, आणि जाणकार रचनाकार तो १ ते २.५ व्होल्टच्या दरम्यान ठेवतो. तिसरा प्रकार ५ व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा. एटीमेगा३२८ सारख्या चिपला वरची अवस्था खात्रीने ओळखण्यासाठी पुरवठ्याच्या ६० टक्के, म्हणजे ३ व्होल्ट, लागतात.

खरी अडचण चौथ्या प्रकारात आहे. ४०१०६ हा श्मिट ट्रिगर किंवा ४००० मालिकेतील दुसरी एखादी लॉजिक चिप थेट १२ व्होल्टवर चालवलेली असेल, तर तिचा उंबरठाही पुरवठ्याच्या प्रमाणात वर सरकतो. १२ व्होल्टवरील ४०१०६ ला वरची अवस्था ओळखण्यासाठी साधारण ७ व्होल्ट लागतात, आणि एकाच जातीच्या दोन चिपांमध्येही या आकड्यात जाणवण्याइतका फरक पडतो. मालिकेतील साध्या लॉजिक गेट-चिपांसाठी तर पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ८.४ व्होल्ट, गृहीत धरावे लागतात. अशा इनपुटला ५ व्होल्टचे गेट कितीही वेळ धरून ठेवले तरी उपयोग होत नाही. ८ व्होल्टचे गेट एखाद्या नगावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही. घरी जुळणी केलेल्या मॉड्यूलमध्ये, विशेषतः जुन्या आकृत्यांवरून बनवलेल्या क्लॉक-डिव्हायडर आणि लॉजिक मॉड्यूलमध्ये, हा दोष वारंवार दिसतो. माझ्या मते चिपच्या आधी एक ट्रान्झिस्टर न घालण्याला आज काहीही सबब उरलेली नाही.

१० किंवा १२ व्होल्टचे गेट दिल्याने ५ व्होल्टचे मॉड्यूल खराब होईल का?

युरोरॅकसाठी म्हणून विकले जाणारे मॉड्यूल −१२ ते +१२ व्होल्टमधील कोणताही सिग्नल कोणत्याही जॅकवर सहन करील, अशी अपेक्षा वापरणारा ठेवतो, आणि नामांकित निर्माते ती सहसा पाळतात. अडचण येते ती लहान संगणकीय बोर्ड, खेळण्यातून बदल करून घेतलेली वाद्ये आणि ५ व्होल्टच्या सिंक-जॅकची टेबलावरील उपकरणे यांच्या बाबतीत.

मायक्रोकंट्रोलरच्या पिनमध्ये पुरवठ्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षक डायोड असतात. बाहेरचे व्होल्टेज पुरवठ्याच्या वर साधारण अर्धा व्होल्ट गेले की वरचा डायोड वाहू लागतो, आणि मग किती प्रवाह वाहतो यावर चिपचे आयुष्य ठरते. जॅक आणि पिन यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर १० व्होल्टच्या गेटमुळे ५ व्होल्टवरील चिपमध्ये ५० मायक्रोॲम्पियरहून कमी प्रवाह शिरतो, आणि तो निरुपद्रवी असतो. तेथे १ किलोओहमच असेल आणि गेट १२ व्होल्टचे असेल, तर हाच प्रवाह ६ ते ७ मिलिॲम्पियर होतो. चिप लगेच जळेलच असे नाही, पण ती विचित्र वागू लागते, आणि असे वागणे आज्ञावलीतील दोष समजून लोक दिवसचे दिवस घालवतात. पिन थेट जॅकला जोडलेला असेल, तर तेथे युरोरॅकचे गेट लावू नये.

माहितीपत्रकात उंबरठा दिलेलाच नाही. तो घरच्या घरी कसा शोधावा?

ज्या मॉड्यूलमधून स्थिर व्होल्टेज हाताने कमी-जास्त करता येते, असे एखादे ऑफसेट मॉड्यूल घ्यावे. त्याचे आउटपुट मल्टमधून (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणाऱ्या जोडणीतून) एकीकडे तपासायच्या इनपुटला आणि दुसरीकडे मल्टिमीटरला द्यावे. शून्यापासून सुरुवात करून बटण अगदी सावकाश फिरवावे आणि एन्व्हलप सुरू होताच आकडा टिपून ठेवावा. नंतर उलट फिरवत रिलीज कधी सुरू होतो तेही पाहावे. दोन आकड्यांत अंतर असणे हा दोष नसून गुण आहे, कारण त्या अंतरामुळेच उंबरठ्यापाशी घुटमळणारा सिग्नल इनपुटला पुन्हा पुन्हा चालू-बंद करू शकत नाही. दोन्ही आकडे एकच आले, तर ते इनपुट हळू चढणाऱ्या सिग्नलवर दुहेरी ठोके देण्याची शक्यता आहे.

बटण १० व्होल्टपर्यंत नेऊनही काहीच घडले नाही, तर इनपुट मेलेले आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ते कपॅसिटरमधून सिग्नल घेणारे असावे. तेव्हा खरे गेट एका ॲटेन्युएटरमधून (सिग्नलची उंची कमी करणाऱ्या मॉड्यूलमधून) द्यावे आणि त्याची उंची ठोक्यागणिक थोडी थोडी वाढवत नेऊन प्रतिसाद कोठे सुरू होतो ते पाहावे.

गेट पोहोचते, पण एन्व्हलप बुटके निघते किंवा आवाज अर्धाच येतो. असे का?

कारण गेट हा "चालू-बंद" सिग्नल आहे हे सगळ्याच मंडलांना मान्य नसते. काही साध्या एन्व्हलपमध्ये गेटचेच व्होल्टेज डायोड आणि रेझिस्टरमधून कपॅसिटर भरते. तेथे ५ व्होल्टचे गेट दिले, तर शिखर ५ व्होल्टच्याही थोडे खाली राहते, आणि १० व्होल्टचे दिले तर दुप्पट उंच जाते. कम्पॅरेटरने गेट ओळखून आपल्या स्वतःच्या संदर्भ-व्होल्टेजने कपॅसिटर भरणाऱ्या एन्व्हलपमध्ये हा फरक पडत नाही.

ॲनालॉग ड्रमच्या मॉड्यूलमध्ये तर हा गुणधर्म मुद्दाम वापरला जातो. रेझोनंट मंडलाला बसणारा धक्का ट्रिगरच्या उंचीच्या प्रमाणात असतो, म्हणून ८ व्होल्टचा ठोका ५ व्होल्टच्या ठोक्यापेक्षा जोरकस आणि थोडा वेगळ्या रंगाचा ऐकू येतो. ॲक्सेंट याच वाटेने दिला जातो. ट्रिगरने ठोकरलेला फिल्टर किंवा व्हॅक्ट्रोलचे लो-पास गेट (हे एक मॉड्यूल आहे, गेट सिग्नल नव्हे) यांचेही असेच. व्हीसीएला, म्हणजे व्होल्टेजने आवाजाची पातळी ठरवणाऱ्या मॉड्यूलला, गेट थेट जोडले असेल, तर तो किती व्होल्टला पूर्ण उघडतो ते पाहावे: ५ व्होल्टला उघडणारा असेल तर प्रश्नच नाही, ८ व्होल्टला उघडणारा असेल तर ५ व्होल्टचे गेट त्याला अर्धवट उघडेल.

अशा ठिकाणी गेट "जुळत नाही" असे म्हणण्यापेक्षा उंची हेच एक बटण आहे असे मानावे. संगीताच्या दृष्टीने ते उपयोगी ठरते, आणि ॲटेन्युएटर जोडला की हाताशी येते.

एकच गेट अनेक मॉड्यूलना वाटले तर व्होल्टेज पडते का?

पडते, पण क्वचितच त्रास देण्याइतके. आउटपुटच्या मार्गात १ किलोओहम आणि प्रत्येक इनपुटचा रोध १०० किलोओहम धरला, तर चार इनपुटना मिळून ५ व्होल्टचे ४.८१ व्होल्ट उरतात. गेटसाठी ही घट नगण्य आहे. स्वरांच्या व्होल्टेजसाठी मात्र ती बेसूरपणाला पुरेशी असते, आणि बफर लावलेला मल्ट तिथेच लागतो. गेटसाठी पॅसिव्ह मल्ट पुरतो. इनपुटांचा रोध १० किलोओहमच असेल, तर चार जोडल्यावर ३.५७ व्होल्ट उरतात, आणि तेव्हा ज्या इनपुटचा उंबरठा ३ व्होल्टच्या आसपास आहे त्याच्याबाबत सावध राहावे.

दोन गेटे एकाच इनपुटला द्यायची असतील तर पॅसिव्ह मल्ट उलटा वापरता येईल का?

नाही. दोन आउटपुटे एकमेकांना जोडली आणि एक १० व्होल्टवर तर दुसरे शून्यावर असेल, तर दोन्हींच्या १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ५ मिलिॲम्पियर वाहतात आणि मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट येतात. नुकसान बहुधा होत नाही, पण ५ व्होल्टच्या दोन गेटांचे हेच केले तर २.५ व्होल्ट मिळतात, म्हणजे काही इनपुटांना चालू आणि काहींना बंद. आउटपुटला रेझिस्टरच नसेल, तर आतील ऑप-अ‍ॅम्पवर अकारण ताण येतो.

यासाठी ऑर लॉजिकचे, म्हणजे कोणतेही एक गेट चालू असले की चालू होणारे, मॉड्यूल वापरावे. दोन डायोड आणि खाली ओढणारा एक रेझिस्टर एवढ्यातही काम होते, मात्र साधा सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास खातो. ५ चे ४.४ झाले तर हरकत नाही. ३.३ चे २.७ झाले, तर ५ व्होल्टवरील मायक्रोकंट्रोलरच्या ३ व्होल्टच्या उंबरठ्याखाली आपण नेमके घसरतो. शॉट्की डायोडने हे नुकसान निम्म्याहून कमी होते.

एस-ट्रिग म्हणजे काय? साध्या गेटशी ते का जुळत नाही?

मूगच्या जुन्या मॉड्यूलरमध्ये, मिनिमूगमध्ये, कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० मध्ये आणि यामाहाच्या सीएस मालिकेतील काही वाद्यांमध्ये कळ दाबली म्हणजे एक स्विच मिटतो आणि ट्रिगरची तार ग्राउंडला टेकते. विश्रांतीच्या अवस्थेत ती तार ग्राउंडपासून सुटलेली असते आणि स्वर घेणाऱ्या वाद्याच्या आतला रेझिस्टर तिला वर ओढून धरतो. एस-ट्रिग म्हणतात ते हेच, आणि व्होल्टेज वर नेणाऱ्या नेहमीच्या पद्धतीला व्ही-ट्रिग म्हणतात.

एस-ट्रिग म्हणजे उलटे केलेले गेट, अशी समजूत सर्रास आढळते. ती अर्धी बरोबर आहे. दिशा उलटी असते हे खरे, परंतु एस-ट्रिगचे आउटपुट व्होल्टेज देतच नाही. ते केवळ खाली ओढते किंवा सोडून देते. म्हणून इन्व्हर्टर लावून १० व्होल्टचे उलटे गेट पाठवणे आणि स्विच मिटवणे या दोन गोष्टी समान नाहीत, जरी पुष्कळदा दोन्हींनी काम निभावते.

चुकीच्या जोडणीची खूण ओळखणे सोपे आहे. व्ही-ट्रिगचे गेट थेट एस-ट्रिगच्या इनपुटला लावले, तर विश्रांतीच्या वेळी आउटपुट शून्यावर असल्यामुळे ती तार ग्राउंडला टेकलेलीच राहते. परिणामी कोणतीही कळ न दाबता स्वर वाजत राहतो आणि कळ दाबताच थांबतो.

व्ही-ट्रिगचे एस-ट्रिग करण्यासाठी एक एनपीएन ट्रान्झिस्टर पुरतो: गेट ४७ किंवा १०० किलोओहममधून बेसला, एमिटर ग्राउंडला, आणि कलेक्टर थेट वाद्याच्या ट्रिगर-जॅकला. कलेक्टरला वेगळा पुरवठा लागत नाही, तो वाद्यातूनच येतो. उलट दिशेला एस-ट्रिगची तार एका रेझिस्टरने ५ किंवा १२ व्होल्टला ओढून ठेवावी लागते आणि पुढे इन्व्हर्टर लावावा लागतो. ज्यांना सोल्डरिंग नको आहे, त्यांनी सिक्वेन्सरची सेटिंग आधी पाहावी. कॉर्गच्या एसक्यू-१ मध्ये गेटची दिशा बदलता येते, आणि आर्टुरियाच्या कीस्टेपमध्ये एस-ट्रिग, ५ व्होल्टचे व्ही-ट्रिग आणि १२ व्होल्टचे व्ही-ट्रिग असे तीन पर्याय संगणकावरील आज्ञावलीतून निवडता येतात. ४०१०६ च्या उंच उंबरठ्यावरही त्यातील १२ व्होल्टचा पर्याय हा फुकटचा उतारा आहे.

बुकलाच्या मॉड्यूलशी युरोरॅक जोडता येते का?

येते, पण दोन गोष्टी सांभाळून. बुकलाच्या २०० मालिकेतील पल्स दोन पायऱ्यांची असते: सुरुवातीला १० व्होल्टचा क्षणिक टोकदार भाग आणि त्यानंतर कळ धरलेली असेपर्यंत ५ व्होल्ट. एकाच तारेवर ट्रिगर आणि गेट दोन्ही पाठवण्याची ही युक्ती मला आजही अतिशय सुबक वाटते. युरोरॅकच्या बहुतेक इनपुटना ती सहज चालते, कारण दोन्ही पायऱ्या उंबरठ्याच्या वर असतात. उलट दिशेने मात्र ५ व्होल्टचे सपाट गेट बुकलाच्या काही इनपुटना ट्रिगर म्हणून ओळखू येत नाही, आणि १० व्होल्टचे सपाट गेट दिल्यास ठोका कोठे संपला आणि धरणे कोठे सुरू झाले, हा भेद पुसला जातो. त्यासाठी पल्सचा तो आकार घडवून देणारे परिवर्तक वापरावेत.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची नसून ग्राउंडची आहे, आणि ती अधिक वेळा विसरली जाते. बुकला आणि सर्ज या निर्मात्यांच्या बनाना केबलमध्ये एकच तार असते. परतीचा मार्ग पेटीच्या सामाईक ग्राउंडमधून जातो. वेगळ्या पुरवठ्यावरील युरोरॅक पेटीला केवळ बनाना केबल जोडली, तर दोन्ही पेट्यांच्या शून्याचा मेळ बसत नाही आणि ५ व्होल्ट हे कशाच्या तुलनेत ५ व्होल्ट, या प्रश्नालाच अर्थ राहत नाही. गेटे आपोआप उडू लागतात किंवा मुळीच पोहोचत नाहीत. दोन्ही पेट्यांची ग्राउंडे एका स्वतंत्र तारेने जोडावीत. ३.५ मिलिमीटरच्या केबलमध्ये हे काम बाहेरची स्लीव्ह करते, म्हणून युरोरॅकपुरते राहणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडत नाही.

एलएफओची (मंद गतीच्या ऑसिलेटरची) चौकोनी लहर −५ ते +५ व्होल्ट अशी हलते. ती गेट म्हणून वापरावी का?

वापरावी. चांगल्या इनपुटला शून्याखालचे सगळे "बंद" असते. ट्रान्झिस्टरच्या इनपुटमध्ये एक बारीक मुद्दा आहे: बेस आणि एमिटर यांच्यातील उलट दिशेची सहनशक्ती ५ ते ६ व्होल्टच्या आसपासच असते, म्हणून जबाबदार रचनाकार तेथे उलटा डायोड लावतो. तो नसला तरी १०० किलोओहमच्या रेझिस्टरमुळे सहसा बिघाड होत नाही. संगणकीय बोर्डाच्या उघड्या पिनला मात्र ऋण व्होल्टेज कधीही देऊ नये.

३.३ व्होल्टचा बोर्ड वापरून गेट देता-घेता येते का?

देणे सोपे आहे. ट्रान्झिस्टर किंवा कमी उंबरठ्याचे कम्पॅरेटर असलेल्या इनपुटना ३.३ व्होल्ट पुरतात. खात्रीचे ५ व्होल्ट हवे असतील, तर ५ व्होल्टवर चालणारा ७४एचसीटी१२५ हा बफर मध्ये घालावा. एचसीटी मालिकेला वरची अवस्था ओळखायला २ व्होल्टच लागतात, तर नावाने जवळच्या एचसी मालिकेला ५ व्होल्टवर साडेतीन लागतात आणि ३.३ व्होल्ट तेथे कमी पडतात. खरेदी करताना ते एक अक्षर नीट वाचावे.

घेताना दोन रेझिस्टरचा विभाजक पुरेल असे वाटते. २२ आणि १० किलोओहमने १० व्होल्टचे ३.१ व्होल्ट होतात, हे ठीक. पण त्याच विभाजकातून १२ व्होल्टचे ३.७५ होतात, जे ३.३ व्होल्टच्या पिनसाठी जास्त आहेत, आणि ५ व्होल्टचे दीड व्होल्टच होतात, जे ओळखले जाण्याची खात्री नाही. एका विभाजकात सगळी गेटे बसत नाहीत. एनपीएन ट्रान्झिस्टर, बेसला १०० किलोओहम, उलटा डायोड, आणि कलेक्टर १० किलोओहमने ३.३ व्होल्टला ओढलेला, ही रचना ५ पासून १२ पर्यंतचे प्रत्येक गेट सारखेच स्वीकारते. सिग्नल उलटा होतो तेवढे आज्ञावलीत सांभाळावे.

५ व्होल्टचे गेट १० व्होल्टपर्यंत वाढवण्यासाठी कोणते मंडल वापरावे?

ऑप-अ‍ॅम्पला दोन समान रेझिस्टर लावून दुप्पट करणे हा पहिला मार्ग, आणि १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर टीएल०७२ साधारण साडेदहा व्होल्टपर्यंत पोहोचत असल्याने तो येथे जेमतेम बसतो. तरीही मी कम्पॅरेटर सुचवीन. दुप्पट करणारे मंडल गेटबरोबर त्यातील खरखर आणि मंद कडाही दुप्पट करते, तर कम्पॅरेटर कसाही सिग्नल आला तरी ताज्या, तीव्र कडांचे आणि ठरलेल्या उंचीचे गेट पुन्हा घडवतो.

१२ व्होल्टपासून १०० आणि १५ किलोओहमच्या विभाजकाने मिळणारे सुमारे १.५ व्होल्ट हा उंबरठा ठेवावा, आउटपुटकडून धन इनपुटकडे मोठ्या किमतीचा एक रेझिस्टर परत आणून थोडी हिस्टेरिसिस, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या आकड्यांतले ते अंतर, द्यावी, आणि आउटपुटला डायोड व १ किलोओहम लावावा. डायोड आवश्यक आहे, कारण बंद अवस्थेत टीएल०७२ शून्यावर थांबत नाही, तो उणे साडेदहाच्या आसपास जातो. डायोडनंतर ग्राउंडकडे १०० किलोओहम ठेवला की शून्य खरोखर शून्य राहते. बाहेर येणारे गेट १० व्होल्टच्या जवळपास असते आणि ते ३.३ व्होल्टच्या स्रोतावरही तसेच मिळते.

मल्टिमीटर गेट ५ व्होल्ट दाखवतो, पण ट्रिगर जवळपास शून्य. आउटपुट बिघडले आहे का?

बहुधा नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. दर अर्ध्या सेकंदाला ५ मिलिसेकंदांचा ५ व्होल्टचा ट्रिगर येत असेल, तर त्याची सरासरी ०.०५ व्होल्ट होते. ट्रिगरसाठी ऑसिलोस्कोप हवा. तो नसेल तर ऑसिलोस्कोपचे काम करणारे मॉड्यूलही चालते. गेट मोजताना ते धरून ठेवावे आणि केबल पुढच्या मॉड्यूलला जोडलेली असतानाच मोजावे.

पुरेशा उंचीचा ट्रिगरही काही मॉड्यूल अधूनमधून चुकवतात. का?

डिजिटल मॉड्यूल इनपुटकडे ठरावीक अंतराने पाहते. १ मिलिसेकंदाचा ट्रिगर दोन पाहण्यांच्या मधल्या काळात येऊन गेला, तर तो त्याच्या लेखी आलाच नाही. येथे व्होल्टेज वाढवून उपयोग नाही, ट्रिगर लांबवावा लागतो. कॉर्गच्या व्होल्का मालिकेत सिंकची पल्स ५ व्होल्टची आणि १५ मिलिसेकंदांची ठेवली आहे, आणि एवढ्या लांबीवर असा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसमधून गेट पाठवता येते का?

डीसी-कपल्ड, म्हणजे स्थिर व्होल्टेजही पुढे सोडणारे, आउटपुट असेल तर येते. साध्या इंटरफेसच्या मार्गात कपॅसिटर असतो. त्यातून धरलेले गेट सुरुवातीला वर उडी मारून हळूहळू शून्याकडे घसरते आणि सुटताना शून्याखाली झेप घेते. ट्रिगरसाठी तेवढी पहिली उडी पुरू शकते, सस्टेनसाठी पुरत नाही. डीसी-कपल्ड आउटपुटही पुष्कळदा काही व्होल्टच देते, म्हणून आवाजाची पातळी पूर्ण उघडून प्रत्यक्ष व्होल्टेज मोजावे आणि कमी पडल्यास वर सांगितलेला कम्पॅरेटर मध्ये घालावा. इंटरफेसचे आउटपुट बॅलन्स्ड असेल, तर त्याला मोनो केबल चालते की नाही हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे, कारण मोनो प्लग रिंगला थेट ग्राउंडशी जोडतो आणि काही आउटपुटांना ते मानवत नाही.